दिंडोरीत १२ एकर द्राक्षबागेसाठी मेश वायफाय: किती नोड, कुठे, कसे?

बागायतदार_दिंडोरी
नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यातल्या १२ एकर बागेत मेश नेटवर्क, म्हणजे एकमेकांना बिनतारी जोडलेल्या वायफायच्या डब्यांचं (नोडांचं) जाळं करायचं आहे. जागा अशी: रस्त्याला लागून पॅकहाऊस, पत्र्याचं छत, उंची ८ मीटर, आत पफ पॅनेलचं प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोअर. १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन तिथेच आलंय. पॅकहाऊसपासून बंगला ७० मीटर, मजुरांच्या खोल्या १८० मीटर, विहिरीवरचं पंपघर ३५० मीटर, मागच्या प्लॉटचं गेट ५२० मीटर. मधे सगळी ७ फुटी मांडवाची बाग. गेटच्या वाटेवर शेवरी आणि सुरूची रांग आहे.

हवंय काय: ८ कॅमेरे (पॅकहाऊस ४, पंपघर २, गेट २), ठिबकचा कंट्रोलर, हवामान केंद्र आणि खोल्यांवर वायफाय. पंपघराला आणि गेटला शेतीच्या फीडरची वीज, म्हणजे दिवसातले काही तासच. दुकानदार म्हणतो, ६ आउटडोअर मेश नोड लावा, एकमेकांना आपोआप शोधतात, विषय संपला. खरंच संपतो का?

आरएफ_सातपूर
नाही संपत. तिथून सुरू होतो.

५२० मीटरला ६ नोड म्हणजे दर १०० मीटरला एक, गेटपर्यंत पाच उड्या. एकाच रेडिओवर मेश चालवला की नोडला एका वेळी ऐकता येतं किंवा बोलता येतं, दोन्ही नाही. त्यामुळे दुसऱ्या उडीला वेग अर्ध्यावर येतो, तिसऱ्याला तिसरा हिस्सा, आणि पुढे शेजारचे नोड एकमेकांची वाट बघण्यातच वेळ घालवतात. लांबच्या ४ कॅमेऱ्यांचे ४ मेगापिक्सेल एच.२६५ ला प्रत्येकी ४ एमबीपीएस धरले तर १६ एमबीपीएस. आकडा मोठा नाही, पण हा प्रवाह चोवीस तास चालू असतो. त्यात एक जरी लिंक उणे ८० डीबीएमवर (डीबीएम म्हणजे सिग्नलचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर) रडत असली तरी ती सगळ्यांचा एअरटाइम, म्हणजे हवेत बोलायचा वेळ, खाते.

त्याहून मोठी अडचण दुकानदाराने सांगितली नसेल. मधल्या नोडांना बागेच्या मधोमध खांब आणि वीज लागणार. तिथे ब्लोअरचा ट्रॅक्टर वळतो. खांब ओळीच्या टोकाला घेतला तर धडक, आत घेतला तर मांडवाच्या तारा आडव्या.

माझं मत असं: जिथे केबल जाते तिथे केबल, जिथे नजर पोचते तिथे डायरेक्शनल लिंक, आणि उरलं तिथेच मेश. तुमच्याकडे हे असं बसेल:

बंगला ७० मीटर: फायबर. वायफायचा विचारही नको.
पंपघर आणि गेट: पॅकहाऊसच्या छतावरून दोन वेगळ्या पॉइंट-टू-पॉइंट लिंक, म्हणजे १३ डीबीआयचे (डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल किती एकवटतो त्याचं माप) ४ सीपीई, म्हणजे एका दिशेला रोखलेले बाहेरचे रेडिओ.
मजुरांच्या खोल्या: आउटडोअर ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा), मेशवर. पॅकहाऊसच्या भिंतीवर एक, खोल्यांवर एक, पंपघरावर एक. असे तीन मेश नोड.

सहा नोडांचे तीन झाले आणि गेटला एकच उडी राहिली.

निफाडकर
+१. एक भर घालतो. कोल्ड स्टोअरच्या आत काही दिसायला हवं असेल तर आत वेगळा ॲक्सेस पॉइंट लागेल. पफ पॅनेलला दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, बाहेरचं वायफाय आत औषधालाही मिळत नाही. केबल ग्लँडमधून आत घ्या आणि भोक फोमने बंद करा, नाहीतर त्या भोकाशी दव धरून पाणी थेट पोर्टमध्ये उतरतं.

बागायतदार_दिंडोरी
फायबर टाकायला हरकत नाही. पण १३ डीबीआय कशाला? दुकानदाराच्या नोडवरही "५०० मीटर रेंज" लिहिलंय.

आरएफ_सातपूर
डब्यावरची रेंज विसरा, हिशोब करा. ५.८ गिगाहर्ट्झला १ किलोमीटर मोकळ्या हवेत सुमारे १०८ डीबी तोटा होतो. अंतर निम्मं झालं की ६ डीबी कमी.

३५० मीटरला तोटा ९९ डीबी. रेडिओची पॉवर २० डीबीएम धरू. दोन्ही टोकांना ५ डीबीआयचे ओम्नी (चारी दिशांना सिग्नल फेकणारे) अँटेना असतील तर २० + ५ + ५ − ९९ = उणे ६९. दोन्हीकडे १३ डीबीआय असतील तर उणे ५३. हा १६ डीबीचा फरक म्हणजेच पावसाळा, पानं आणि धूळ यांच्यासाठी हातात राहिलेली शिल्लक. ५२० मीटरला १३ डीबीआयवर उणे ५६ येतं. १८० मीटरला ओम्नीवरही उणे ६३, म्हणून खोल्यांना मेश चालतो. बॅकहॉलसाठी, म्हणजे नोडांमधल्या मुख्य जोडणीसाठी, उणे ६५ च्या खाली जाऊ देऊ नका.

हे सगळं वाट मोकळी असेल तर. मोकळी म्हणजे फक्त नजरेला दिसणं नव्हे. ५२० मीटरच्या मध्यावर फ्रेनेल झोनची (नजरेच्या रेषेभोवती लहरींना लागणाऱ्या जागेची) त्रिज्या २.६ मीटर भरते, त्यातला ६० टक्के, म्हणजे दीड मीटरभर भाग रिकामा हवा. ७ फुटी मांडवावर ६ मीटरचा अँटेना आरामात बसतो. अडचण शेवरीची. तिच्यातून लिंक नेऊ नका. एकतर गेटचा खांब रांगेच्या अलीकडे घ्या आणि शेवटचे २०-३० मीटर केबलने जा, नाहीतर खांब झाडांच्या वर काढा. शेवरी छाटली तरी पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा वर येते, तेव्हा तो उपाय धरू नका.

आणि चाचणी खरड छाटणीनंतर एप्रिलमध्ये केली तर फसाल. तेव्हा मांडव उघडा असतो, सगळं छान दिसतं. ऑक्टोबर छाटणीनंतर डिसेंबर-जानेवारीत पानं भरली आणि त्यावर दव किंवा फवारणीचं पाणी असलं की मांडवाच्या पातळीवरचा सिग्नल कोसळतो. म्हणून मांडवाखाली बसणारे सेन्सर २.४ गिगाहर्ट्झवरच ठेवा.

गोदाकाठ_नेट
चॅनेलचं मी सांगतो.

पॅकहाऊस-पंपघर लिंक १४९ वर, पॅकहाऊस-गेट १५७ वर, दोन्ही ४० मेगाहर्ट्झ रुंदीच्या. मेश ३६ वर, तोही ४० मेगाहर्ट्झ. तिन्ही एकमेकांच्या पायात येत नाहीत. छतावर दोन सीपीई शेजारी-शेजारी चिकटवू नका, निदान एक-दीड मीटर वर-खाली ठेवा.

५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे डीएफएसचे (रडारला वाट मोकळी करून द्यावी लागणारे) चॅनेल मेशला नकोतच. रडारसारखा सिग्नल कानावर पडला की नियमाप्रमाणे चॅनेल सोडावा लागतो आणि अर्धा तास परत जाता येत नाही. नव्या चॅनेलवर चढण्याआधी किमान एक मिनिट नुसतं ऐकावं लागतं. एका नोडने चॅनेल सोडला की बाकीचे जुन्यावरच त्याला शोधत बसतात. ओझरचा विमानतळ आपल्या शेजारी, विषाची परीक्षा कशाला?

देशाचा कोड भारतच ठेवा. "अमेरिका केलं की पॉवर वाढते" हा सल्ला यूट्यूबवर फिरतो, तो सोडून द्या. ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झमध्ये आपल्याकडे ३६ डीबीएम ईआयआरपीपर्यंत (रेडिओची पॉवर अधिक अँटेना) विनापरवाना मुभा आहे. २० + १३ = ३३, म्हणजे तसेही नियमात बसता.

आता ओपनडब्ल्यूआरटीवरचा (राउटरच्या मुक्त फर्मवेअरवरचा) मेश. सगळे नोड टेबलावर करून घ्या, शिडीवर चढून लॅपटॉप उघडायची वेळ येऊ देऊ नका.

१. मूळ फर्मवेअरमध्ये डब्ल्यूपॅडची (वायफायचं एनक्रिप्शन सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची) "बेसिक" आवृत्ती असते. तिच्यात एनक्रिप्टेड मेश येत नाही. ती काढून "डब्ल्यूपॅड-मेश-एमबेडटीएलएस" टाका आणि रीबूट करा. इथेच बहुतेकजण अडकतात: उघडा मेश जुळतो, पासवर्ड टाकला की जुळत नाही. मग कंटाळून उघडाच ठेवतात. तसं करू नका.

२. ५ गिगाहर्ट्झ रेडिओवर चॅनेल ३६ हाताने लिहा. "ऑटो" म्हणजे प्रत्येक नोड आपल्या मर्जीचा मालक.

३. मोड ८०२.११एस (वायफायचं मेश मानक), मेश आयडी सगळीकडे अक्षर न् अक्षर सारखा, एनक्रिप्शन एसएई, पासवर्ड एकच.

४. सिग्नलची किमान मर्यादा उणे ७५ ठेवा. नाहीतर लांबचा नोड कधीतरी कुजबुजल्यासारखा जोडला जातो आणि रस्ता त्याच्यावरून वळतो.

५. डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सेवा) फक्त मुख्य राउटरवर. बाकी नोडांवर बंद, आणि प्रत्येकाला पूलबाहेरचा कायमचा आयपी. तो आयपी डब्यावर पर्मनंट मार्करने लिहा.

६. मोबाइलसाठीचं वायफाय २.४ वर, चॅनेल १, ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ठिबकच्या कंट्रोलरला वेगळं नाव द्या आणि डब्ल्यूपीए२ ठेवा. असल्या कंट्रोलरमध्ये बऱ्याचदा ईएसपी८२६६ चिप असते, तिला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही, आणि फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवलं तर बहुतेक कंट्रोलर जोडले जात नाहीत.

जोडणी झाली का ते बघायला स्टेशन डंपमध्ये (जोडलेल्या नोडांची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये) समोरच्या नोडपुढे "एस्टॅब" दिसायला हवं. टेबलावर तपासताना पॉवर अगदी खाली आणा. फूटभर अंतरावर सिग्नल उणे १५ येतो, रिसीव्हर भांबावतो, वेग पडतो आणि चांगला नोड दुकानात परत जातो.

निफाडकर
थांबा. पंपघराला १४९ वरची लिंकही आहे आणि मेश नोडही. म्हणजे पॅकहाऊस ते पंपघर दोन रस्ते, दोन्ही ब्रिजमध्ये, म्हणजे एकाच नेटवर्कात जोडलेले. हा सरळसरळ लूप. एक ब्रॉडकास्ट सुटला की गोल-गोल फिरत राहील, दोन मिनिटांत सगळे दिवे एकदम लुकलुकतील आणि नेटवर्क ठप्प. पंपघराचा मेश बंद ठेवा, नुसता ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवा. एक सीपीई जादाचा घेऊन कपाटात ठेवा, तोच बॅकअप.

गोदाकाठ_नेट
लूपचं बरोबर, पण मेश बंद करायची गरज नाही. ठिबकचा कंट्रोलर पंपघरातच आहे. ऐन फळफुगवणीत लिंक गेली तर कपाटातला सीपीई लावायला माणूस येईपर्यंत पाणी थांबणार. पंपघरापासून खोल्यांपर्यंत वाट आहे, तर ती वापरा.

त्यासाठी बॅटमॅन-ॲडव्ह (मेशमधला रस्ता निवडणारा प्रोटोकॉल) टाका. पॅकहाऊस आणि पंपघर, दोन्हीकडे सीपीईची केबल ज्या पोर्टला येते तो पोर्ट ब्रिजमधून काढून बॅटमॅनच्या खाली द्या. मेशचा इंटरफेसही बॅटमॅनच्या खाली, आणि ८०२.११एसचं स्वतःचं फॉरवर्डिंग शून्य करा. हे विसरलात तर दोन प्रोटोकॉल एकाच वेळी रस्ता ठरवायला बघतात. ब्रिजमध्ये फक्त बॅट० (बॅटमॅनचा स्वतःचा इंटरफेस) राहील. मग सीपीईचा रस्ता चांगला असेपर्यंत माल तिकडून जातो, तो मेला की काही सेकंदांत खोल्यांवरून वळतो.

बॅटमॅन आपलं शीर्षक जोडतो, म्हणून खालच्या इंटरफेसचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १५३६ करा आणि सीपीई एवढं पॅकेट सोडतो का ते आधी तपासा. सोडत नसेल तर पॅकेटचे तुकडे होतात. पिंग चालतं, कॅमेऱ्याचं चित्र मात्र अडखळतं. ही खूण लक्षात ठेवा.

सीपीईचा आयपी आता बॅटमॅनच्या खाली दडतो, थेट उघडणार नाही. त्यासाठी त्या पोर्टवर वेगळा मॅनेजमेंट व्हीलॅन (त्याच केबलवरचं वेगळं नेटवर्क) ठेवा.

निफाडकर
बॅटमॅनचं पटलं. पण जादाचा सीपीई तरी घ्याच.

बागायतदार_दिंडोरी
दोन्ही करतो. आता केबल आणि वीज. एमजी रोडला ३०५ मीटरचं बंडल दोन भावांत मिळतंय, जवळपास निम्म्याचा फरक.

सिडको_वायरमन
स्वस्तातलं सीसीए आहे, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तार ब्लेडने खरवडा, आत चंदेरी दिसली की परत ठेवा. रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि तुम्ही त्याच तारेतून वीज नेणार. २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओईला (पीओई म्हणजे नेटवर्क केबलमधूनच दिलेली वीज) लांब तारेवर दोन-अडीच व्होल्ट गळाले की सीपीई रात्री नीट चालतो आणि लोड आला की रीबूट होतो. पूर्ण तांब्याची, बाहेरून काळी पीई जॅकेटची आउटडोअर कॅट६ घ्या. पांढरी-निळी घरातली केबल उन्हात दोन वर्षांत तडकते.

पीओई मिसळू नका. सीपीई २४ व्होल्ट पॅसिव्हचे असतात, कॅमेरे ८०२.३एएफचे, ४८ व्होल्टच्या आसपास. एएफचा स्विच आधी समोरचा कोण ते विचारतो मगच वीज सोडतो, पॅसिव्ह इंजेक्टर काही न विचारता सोडतो. इंजेक्टरवर लाल टेप लावा आणि "२४ व्होल्ट" लिहा.

बंगल्यासाठी सिंगल मोड फायबर, दोन कोअर. एक कोअर चालू, एक राखीव. मीडिया कन्व्हर्टरची (फायबर साध्या केबलला जोडणाऱ्या डब्यांची) जोडी घ्यायची: एकाचा १३१० नॅनोमीटरवर पाठवणारा, दुसऱ्याचा १५५० वर. दोन्ही एकाच जातीचे उचलले तर लिंकचा दिवा लागणारच नाही. एचडीपीई पाइपातून दोन-अडीच फूट खोल टाका, रोटाव्हेटर तिथपर्यंत पोचत नाही. ठिबकच्या मेन लाइनची चर उघडी असेल तर त्याच वेळी टाकून घ्या, खोदाई वाचते. फायबरचा दुसरा फायदा विजेचा. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, तांब्याची केबल टाकली की ढग कडाडल्यावर तो फरक तुमच्या स्विचमधून जातो.

छतावरच्या प्रत्येक केबलला आत शिरण्याआधी सर्ज अरेस्टर (विजेचा झटका अडवणारा), आणि त्याची अर्थ वायर थेट अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत. नुसता पत्र्याला स्क्रू मारून "अर्थ झालं" म्हणणारे बरेच भेटतील. खांबाला ६ मीटरचा जीआय पाइप, २ इंची, बी क्लास, तीन ताण. एप्रिल-मेच्या अवकाळीत जो वारा सुटतो त्यात बिनताणाचा खांब दोन अंश जरी वळला तरी लिंक जाते.

आता द्राक्षवाल्यांची खास भानगड. बोर्डो आणि गंधकाची फवारणी तुमच्या डब्यांवरही होते. गंधकाने तांबं काळं पडतं. ओल आत शिरली की आरजे४५ च्या ४ आणि ५ नंबरच्या पिना आधी हिरव्या होतात, कारण पॅसिव्ह पीओईचा धन तिथेच असतो. कनेक्टर उपसून बघितलात तर आठातल्या दोनच पिना खाल्लेल्या दिसतील. उपाय: डब्याचं तोंड खाली, केबलला शिरण्याआधी खाली एक वळसा म्हणजे पाणी तिथूनच गळेल, कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस, वरून सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप. साधी काळी इन्सुलेशन टेप उन्हात चिकटपणा सोडते आणि पाणी आत कोंडून ठेवते. ग्लँडची रबरी रिंग फेकू नका, मुंग्या तिथूनच घर करतात.

सोलर_पिंपळगाव
पंपघराचं विजेचं गणित. सीपीई ५ वॉट, ॲक्सेस पॉइंट ५ वॉट, इथपर्यंत सोपं: १० × २४ = २४० वॉट-तास. पण २ कॅमेरे रात्रीच्या आयआरसह (अंधारात बघायच्या दिव्यांसह) ५-५ वॉट आले की थेट दुप्पट, ४८० वॉट-तास. बहुतेक जण नोडचा हिशोब करतात आणि कॅमेरे विसरतात.

पावसाळ्यात दिवसाला ३ तासांचं पूर्ण ऊन धरा, आणि तोटे वजा जाता ६५ टक्के हाती. ४८० ÷ (३ × ०.६५) = २४६ वॉट. म्हणजे १६५ वॉटची दोन पॅनेल. दोन दिवसांची सोय हवी तर ९६० वॉट-तास, आणि लिथियम आयर्न फॉस्फेट ८० टक्क्यांपर्यंतच वापरायची धरली तर १२०० वॉट-तास, म्हणजे १२.८ व्होल्ट १०० एएच. एमपीपीटी (सोलर चार्जिंगचा) कंट्रोलर, सीपीईला १२ चं २४ करणारा बूस्ट कन्व्हर्टर, आणि कॅमेऱ्यांना एएफ इंजेक्टर किंवा १२ व्होल्ट थेट.

एवढं नको असेल तर फीडरची वीज येते त्या तासांत बॅटरी भरायला चार्जर जोडा, पॅनेल एकच पुरेल. पॅनेल दक्षिणेला, २० अंशांच्या आसपास कलतं. फवारणीचा थर महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुवा. गेटला ॲक्सेस पॉइंट नाही, म्हणजे १५ वॉट, हाच हिशोब पाऊण करा.

पंचवटीकर
धाग्यात घुसतोय, माफी. जुना वाडा आहे, दोन फुटी दगड-विटांच्या भिंती, मधे चौक, तीन मजले. मेश चालेल का?

आरएफ_सातपूर
खोलीतून खोलीत नाही चालणार. चौकातून चालेल. चौकाकडे तोंड करून प्रत्येक मजल्याच्या सज्जावर एक नोड, नोडांनी एकमेकांना चौकातूनच बघायचं. खोल्यांना दारं-खिडक्यांतून जे जाईल ते. सविस्तर हवं तर वेगळा धागा काढा, इथे द्राक्षं चालू आहेत.

बागायतदार_दिंडोरी
लावून झाल्यावर "झालं" कधी म्हणायचं? आणि शेजारच्या दोन बागायतदारांनाही जोडणी हवीय, थोडे पैसे देतो म्हणतात.

गोदाकाठ_नेट
पैसे घेऊन स्वतःचं घरगुती कनेक्शन वाटणं म्हणजे बिनपरवाना इंटरनेट विकणं. त्याला पीएम-वाणी या सरकारी योजनेची वाट आहे, डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली. तिच्यात छोट्या दुकानदारालाही परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय देता येतं, पण ॲग्रिगेटरमार्फत. आधी ते करा, मग शेजारी जोडा.

तपासणीचा क्रम: पॅकहाऊसला लॅपटॉपवर आयपर्फ३ चा (वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमचा) सर्व्हर, मग पंपघर, गेट आणि खोल्यांवरून दोन्ही दिशांना प्रत्येकी १० मिनिटं. १० सेकंदांच्या चाचणीत काही कळत नाही. आकडे, सिग्नल आणि तारीख वहीत. मग सगळे कॅमेरे चालू करून हेच पुन्हा. मग पंपघराच्या सीपीईची केबल उपसा आणि ठिबकच्या कंट्रोलरवर पिंग चालू ठेवा. पाच-दहा पिंग चुकून पुन्हा सुरू झालं तर बॅटमॅन काम करतोय. मिनिटभर बंद राहिलं तर फॉरवर्डिंग शून्य केलंय का ते बघा. केबल परत लावली की रस्ता परत वळतो का तेही बघा, अर्धे लोक इथे थांबतच नाहीत.

शेवटी मेन स्विच पाडा. सगळं एकदम बंद, एकदम चालू. फायबरचा मोडेम दोन-तीन मिनिटं घेतो, नोड आधी उठतात, आणि काही कॅमेऱ्यांना तोपर्यंत आयपी न मिळाल्याने ते नको त्या पत्त्यावर जाऊन बसतात. म्हणून कॅमेऱ्यांना कायमचा आयपी द्या.

सिडको_वायरमन
आणि हे सगळं ऑक्टोबर छाटणीच्या आधी उरका. नंतर फवारण्या सुरू झाल्या की खांब उभारायला बागेत माणूस मिळत नाही.

बागायतदार_दिंडोरी
यादी केली: सीपीई ५ (एक जादा), आउटडोअर ॲक्सेस पॉइंट ३, कॅट६ एक बंडल, फायबर १०० मीटर, कन्व्हर्टर जोडी १, खांब २, सर्ज अरेस्टर ४. काही राहिलं?

सिडको_वायरमन
अरेस्टर ४ पुरणार नाहीत, केबलच्या दोन्ही टोकांना लागतात. पॅकहाऊसच्या छतावरचे दोन सीपीई आणि भिंतीवरचा नोड, तिन्हींना वर एक, खाली एक. ६ तिथेच झाले. पंपघर आणि गेट धरून १२ घ्या. आणि खांबाच्या तळाशी सिमेंट ओतताना पाइपाच्या आत पाणी साठू नये म्हणून वरचं तोंड टोपीने बंद करा.